एकांताचा सातबारा

एकांत हा जिन्नस आमच्या किन्हीराजाच्या बाजारात अद्याप आलेला नाही. सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस यांचे भाव चढतात, अधिक करून पडतात, आणि त्यावर चहाच्या टपरीवर दिवसभर ऊहापोह चालतो. परंतु ज्या ठिकाणी कोणी भेटत नाही, कोणी बोलत नाही आणि कोणी काही विचारत नाही अशा ठिकाणी जाऊन बसण्यासाठी शहाणीसुरती माणसे डॉलर मोजतात, ही वार्ता आमच्या गावी आणण्याचा मान, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, माझ्याकडे आला. घराबाहेर पडलेल्या माणसास ‘कुठं चाल्ले जी?’ असे विचारणे हा आमच्याकडे नुसता शिष्टाचार नव्हे, तो वहिवाटीचा हक्क आहे. आणि जो या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देत नाही त्याची गणना आजारी, कर्जबाजारी किंवा निवडणुकीस उभा राहू इच्छिणाऱ्या इसमांत होते. अशा गावात जन्मलेल्या आणि महसूल खात्यात छत्तीस वर्षे लोकांच्या जमिनीच्या, वारसांच्या आणि बांधांच्या भानगडी निस्तरून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसास एकांताची हौस असण्याचे काही कारण नव्हते. ती हौस आमच्या चिरंजीवांस झाली, आणि तीही आमच्या वतीने.

चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कंपनीत असतात. आमच्या विवाहास चाळीस वर्षे पूर्ण होत असल्याचा शोध त्यांना लागला, आणि त्यांनी मालदीव देशातील एका बेटावर आमची चार रात्रींची व्यवस्था करून तसा कागद फोनवर धाडला. बेटावर एकच विश्रामधाम, सभोवार समुद्र, आणि अटींमध्ये पहिलीच अट अशी की हे स्थळ केवळ प्रौढांसाठी असून अठरा वर्षांखालील व्यक्तीस तेथे मज्जाव आहे.

हे वाक्य टपरीवर वाचून दाखविण्यात माझी चूक झाली. ‘केवळ प्रौढांसाठी’ हे शब्द आमच्या पिढीने आजवर सिनेमाच्या भिंतीवरील जाहिरातीतच पाहिले होते, आणि तेही मान दुसरीकडे वळवून. एका वर्गमित्राने माझ्याकडे नव्याने ओळख झाल्यासारखे पाहिले. दुसऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांची समजूत त्याहून निर्मळ होती. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसलेल्यांपैकी ते एक, ते सहानुभूतीने म्हणाले, “काहून जी, तुम्ही त शिकेल हाय ना? मंग प्रौढाईच्या वर्गात काहून धाडते पोरगं तुमाले?” मी खुलासा केला, पण माझ्या खुलाशापेक्षा त्यांचाच तर्क गावाला अधिक पटला.

घरातील हरकत निराळी होती. आमचा नातू चार वर्षांचा. ज्या स्थळी त्यास मज्जाव त्या स्थळी त्याच्या आजीने पाऊल का टाकावे, हा प्रश्न सौभाग्यवतींनी उपस्थित केला आणि पाठोपाठ दुसरा जोडला: “लेकराले मनाई आन् दारूले परवानगी, असं कोणतं तीर्थ आहे हे?” या प्रश्नास उत्तर नाही, हे मी नमूद करतो. मालदीव हा कायद्याने इस्लामी देश असून तेथे बाहेरून दारू आणण्यास बंदी आहे आणि पाहुण्यांच्या बेटांवर मात्र ती मिळते. त्याच कायद्याने पूजेच्या मूर्तीही देशात आणता येत नाहीत. मूर्ती नेता येत नाही म्हटल्यावर देवघरातला बाळकृष्ण, जो आजवर पंढरपूरपासून पुण्यापर्यंत प्रत्येक प्रवासात आमच्याबरोबर हिंडला, तो प्रथमच घरी राहिला. सौभाग्यवतींनी क्षणभर विचार केला, सासूबाईंच्या वेळची तुळजाभवानीची कवड्यांची माळ काढली, तिच्यातील एकवीस कवड्यांपैकी एक कवडी सोडवून घेतली आणि ती पदराच्या टोकास गाठ मारून बांधली. “ही मूर्ती नाही,” त्या म्हणाल्या. कायद्याचा असा सूक्ष्म अर्थ मला सबंध नोकरीत कधी लावता आला नव्हता.

पूर्वी बेटावरील एकांतवासासाठी माणसे सरकारी खर्चाने पाठविली जात आणि त्यास काळे पाणी म्हणत. आता ती स्वखर्चाने जातात आणि छायाचित्रांत ते पाणी निळे दिसते, एवढाच काय तो इतिहासाचा पालट. आम्ही शेलुबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. याच्या भूसंपादनाच्या नोंदी लिहिताना माझ्या बोटांना घट्टे पडले होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी तो नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा पुरा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या अंगणापर्यंत गेला. ज्या जमिनीचे गट नंबर मला पाठ होते त्यांवरून ताशी शंभराहून अधिक वेगाने जाताना मला कोणीही ‘कुठं चाल्ले?’ असे विचारले नाही, आणि एकांताची पहिली चाहूल मला तेथेच लागली.

मुंबईहून मालेपर्यंतचा प्रवास सामान्य होता. तेथला विमानतळ हेच एक बेट, आणि तेथून पुढे पाण्यावर उतरणारे लहान विमान. हे विमान केवळ दिवसाउजेडी उडते, सामान प्रत्येकी वीस किलोंहून जास्त घेत नाही, आणि त्याचा वैमानिक अनवाणी असतो. अनवाणी सारथी आम्ही आजवर बैलगाडीवरच पाहिला होता. परंतु वीस किलोंच्या मर्यादेत बसविण्यासाठी सौभाग्यवतींनी माझे दोन सदरे काढून जवसाची चटणी, ठेचा, दशम्या आणि कैरीच्या लोणच्याची बरणी यांस जागा दिली होती, त्यामुळे अंगावरील वस्त्रे कमी करण्याचे तत्त्व मला अपरिचित राहिले नव्हते. खाली पाहिले तो निळ्या लुगड्यावर काचेच्या बांगड्या फुटून विखुराव्यात तशी वर्तुळे. तेथले लोक अशा वर्तुळास ‘अतोळु’ म्हणतात; तोच शब्द इंग्रजीने उचलून ‘अटॉल’ केला आणि जगभर फिरविला. अशी २६ वर्तुळे आणि त्यांत जवळपास १,२०० बेटे, त्यांपैकी वस्ती थोड्यांवर आणि पाहुण्यांची सोय आणखी काहींवर, तीही एका बेटावर एकच या नियमाने. १९६० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी येथे येऊन हा मुलूख पर्यटनास योग्य नाही असा अभिप्राय दिला होता, असे सांगतात. आणि १९७२ साली अवघ्या ३० खोल्यांचे ‘कुरुंबा’ नावाचे पहिले विश्रामधाम उघडले. तज्ज्ञांचा अहवाल दप्तरी दाखल करून नेमके उलट वागल्याने एखाद्या देशाचे कल्याण झाल्याचे हे उदाहरण प्रत्येक तहसील कचेरीत फ्रेम करून लावण्याजोगे आहे.

धक्क्यावर आमच्या स्वागतास एक हसतमुख तरुण उभा होता. चार दिवस तो केवळ आमच्यासाठी नेमलेला होता, म्हणून त्यास मी मनातल्या मनात खिदमतगार हा हुद्दा बहाल केला. त्याने थंडगार ओला रुमाल दिला, शहाळे दिले, आणि हिंदी सिनेमे पाहून कमावलेल्या सुंदर हिंदीत सांगितले, की येथे आपणांस कोणीही त्रास देणार नाही. मग तो त्रास होत नाही ना हे विचारण्यासाठी दुपारी आला, चार वाजता आला, दिवेलागणीस आला आणि रात्री निजण्यापूर्वी दूरध्वनीवरून आला. एकांताची इतकी काळजीपूर्वक राखण होत असलेली मी प्रथमच पाहिली. माझ्या मोजणीप्रमाणे त्या बेटावर पाहुण्यांपेक्षा नोकरमाणसे अधिक होती. दोन जीवांस एकटे ठेवावयाचे तर सहा जीवांना मागे राबावे लागते, हा हिशेब राजेरजवाड्यांना ठाऊक असावा, आम्हांस नव्हता.

जमीन दिसली की तिची मोजणी करावयाची, ही आमच्या खात्याची खोड. पहिल्याच संध्याकाळी मी बेटाला पायी वेढा घातला. त्यास अठरा मिनिटे लागली, त्यांतील चार सौभाग्यवतींची चप्पल वाळूतून काढण्यात गेली. खोलीवर येऊन मी सवयीने विश्रामधामाच्या गुळगुळीत कागदावर नोंद केली: पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी निर्विवाद चतुःसीमा मी लिहिली नव्हती. मूळ मालक सरकार, वहिवाट भाडेपट्ट्याची, पीक नारळ, बांधाची तक्रार नाही, कारण बांध नाही आणि बांधापलीकडे चुलतभाऊ नाही. भाडेपट्टा किती वर्षांचा, नूतनीकरणाची अट काय, असे मी खिदमतगारास विचारले तेव्हा तो प्रथमच गोंधळला. पाहुणे त्यास सूर्यास्ताची वेळ विचारीत. आकारणी विचारणारा मीच पहिला.

आमचे निवासस्थान पाण्यात खांबांवर उभे होते. जमिनीत एक काचेचा चौकोन बसविला होता, त्यातून खाली मासे दिसत, आणि सौभाग्यवती, माळकरी घराण्यातील असल्यामुळे, त्या चौकोनावर टॉवेल पसरून मगच जेवावयास बसत. न्हाणीघरास छत नव्हते. अंगणात, म्हणजे समुद्रात, समुद्रापासून हातभर उंचीवर, गोड्या पाण्याचा एक हौद बांधला होता. जेथे क्षितिजापर्यंत पाणीच पाणी आहे तेथे हौद बांधणाऱ्याची बुद्धी पाहून मला आमच्या भागातील पाणीटंचाईचे आराखडे आठवले. आमच्याकडे हौद असतात आणि पाणी नसते, एवढाच फरक. खारे पाणी म्हणून आम्ही आजवर शेजारच्या बुलढाण्यातले लोणारचे सरोवर पाहिलेले. येथले पाणी तितकेच खारे, पण ते आटण्याची चिंता नव्हती, चिंता होती ती उलट. या देशाची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास आणि सर्वांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरांच्या आत. आमच्याकडील कोणत्याही पडक्या गढीच्या जोत्यावरून हे सारे राष्ट्र खाली वाकून पाहावे लागेल. समुद्र चढत आहे हे जगाच्या ध्यानी यावे म्हणून १७ ऑक्टोबर २००९ रोजी तेथल्या राष्ट्राध्यक्षांनी पाणबुड्यांचे पोशाख घालून मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी भरविली आणि ठरावावर तेथेच सह्या केल्या. आमच्याकडे ठराव आधी होतो आणि मग पाण्यात जातो. त्यांनी क्रम बदलला होता, पण हेतू थोर होता, आणि रात्री उशाशी लाटा आपटू लागल्या की तो हेतू मला फार जवळचा वाटे.

दुसऱ्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. करण्यासारखे काही नव्हते. ज्यासाठी पैसे भरले होते ते हेच, असे चिरंजीवांनी फोनवर समजाविले. दोन झाडांना बांधलेल्या जाळीच्या झोळीत मी पाऊण तास पडून राहिलो. पैकी अर्धा तास तीतून उतरावे कसे या विवंचनेत गेला. पाण्याखालील प्रवाळ दाखविण्याची सोय होती, पण त्यापूर्वी एका छापील मुचलक्यावर सही द्यावी लागे, की बुडाल्यास जबाबदारी माझी. मी तो चार पाने मजकूर सावकाश वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचविली आणि साक्षीदारांच्या सह्यांसाठी जागा का ठेवली नाही असे विचारले. तोवर ओहोटी लागली आणि तो कार्यक्रम रद्द झाला.

सौभाग्यवतींनी मात्र आपले काम शोधून काढले होते. पहाटे एक बांगलादेशी मजूर लांब दात्यांचा पंजा घेऊन सबंध किनारा ओढून काढी, जेणेकरून कालच्या कोणाही माणसाचे पाऊल आजच्या पाहुण्याच्या दृष्टीस पडू नये. ती सारखी झालेली, रेघारेघांची पांढरी वाळू पाहून त्या अस्वस्थ झाल्या. सडा घालून अंगण तयार करावे आणि रांगोळी न काढता तसेच सोडावे, हे त्यांच्या सबंध आयुष्यात घडलेले नव्हते. त्यांनी बोटाने वाळूत ठिपके दिले, नऊ ते एक, आणि कमळ काढले. गुलाबी पाकळ्यांसाठी बोगनवेलीची पडलेली फुले वेचली. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम उठून पाहिले. तो मजूर पंजा ओढीत आला, रांगोळीपाशी थांबला, वाकला, आणि तिच्याभोवती हातभर जागा सोडून पलीकडून पुन्हा ओढू लागला. कोणाही माणसाची खूण राहू नये यासाठी नेमलेल्या माणसाने ती एक खूण राखली. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, आम्हीही हाक मारली नाही. त्या बेटावर आम्हांस लाभलेला खरा एकांत तेवढाच, आणि तोही तिघांचा होता.

याच सुमारास आणखी एका गोष्टीचा उलगडा होऊ लागला: या निर्जन बेटावर आमचे नातेवाईक होते. शेजारच्या निवासात एक नवपरिणीत जोडपे उतरले होते. तरुण आपल्या पत्नीस म्हणाला, “काय करून राह्यली तू तिकडे?” आणि तो नागपूरचा आहे याविषयी कोणत्याही दाखल्याची गरज उरली नाही. सौभाग्यवतींनी आनंदाने मराठीत विचारपूस केली. त्याने सौजन्याने इंग्रजीत उत्तर दिले, की त्यास ती भाषा अवगत नाही. मला त्याचा राग आला नाही; माणूस साखरपुड्यापासून शेसव्वाशे नातेवाइकांना तोंड देऊन समुद्रात पळून येतो, आणि तेथेही काचेच्या हौदापलीकडून ‘कोणत्या गावचे तुम्ही?’ असा आवाज येतो, तेव्हा त्याने भाषा विसरू नये तर काय करावे? दोन दिवस त्याने निर्धार पाळला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्याची पत्नी एकटीच हळूच आमच्या दारात आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “काकू, लोणचं आहे का?” वाटीभर लोणच्याच्या मोबदल्यात, तिचे माहेर यवतमाळचे, मामा कारंज्याचे, आणि मामांचे साडू आमच्याच तालुक्यातले, एवढी माहिती पाच मिनिटांत निष्पन्न झाली. निर्धार करणारा तरुण मागाहून दशमीसाठी स्वतः आला.

दुसरा नातेवाईक खिदमतगार निघाला. त्याची भाषा दिवेही. लिपी उजवीकडून डावीकडे, पण वंश आपलाच. मी त्यास सहज आकडे म्हणावयास सांगितले, तर तो बोटे मोडीत म्हणाला: एकेह, देह, तिनेह, हतरेह, फहेह, हयेह, हतेह, अशेह, नुवएह, दिहएह. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीतला बोबडा पोरगा यापेक्षा फार वेगळे म्हणत नाही. नाणे रुफिया, म्हणजे रुपयाच. मग सौभाग्यवतींनी पदराची गाठ सोडून कवडी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि तो चकित झाला. “बोली!” तो म्हणाला. कवडीला त्यांच्याकडे बोली म्हणतात, आणि ती त्यांच्याच समुद्रातली. कित्येक शतके हिंदुस्थानात चलन म्हणून फिरलेल्या कवड्या बहुतांशी या बेटांतूनच जहाजे भरभरून येत आणि बंगालच्या तांदळावर त्यांचा सौदा होई. अल्बिरुनीने या बेटांच्या एका समूहास कवड्यांची बेटे असेच म्हटले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंडत हिंडत येथे आला आणि त्यास लोकांनी काझी नेमले, म्हणजे तो जवळजवळ आमच्याच खात्याचा. त्याने नोंदवून ठेवले आहे की सोन्याच्या एका दिनारास चार लाख कवड्या मिळत आणि भाव पडला तर बारा लाखांपर्यंत जात. आवक वाढली की भाव एक तृतीयांशावर यावा, हा नियम आमच्या बाजार समितीत निर्माण झाला असा माझा समज होता. तो तेथे दूर झाला. ‘कवडीमोल’ या शब्दाचे माहेर ज्या भूमीत, त्या भूमीत पाण्याच्या एका बाटलीस काय पडते हे मी येथे लिहीत नाही, कारण हा लेख सौभाग्यवती वाचणार आहेत.

तिसरे नाते सर्वांत जुने. ते निघतानाच आमच्या गावच्या निवृत्त भूगोल-मास्तरांनी सांगितले होते, पण तेव्हा मी लक्ष दिले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील ज्या तप्त स्रोतावरून उसळलेल्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचा काळा पाषाण झाला, आणि तो झिजून आमची कपाशीची काळी माती झाली, त्याच स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेस सरकत गेला तसतशी त्याच्या मागे समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उभी राहिली. ते ज्वालामुखी खचून पाण्याखाली गेले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले, आणि त्याच रांगेवर आज लक्षद्वीप व मालदीव आहेत. म्हणजे किन्हीराजाचे शिवार आणि हे बेट एकाच चुलीवरचे. वाटणी होऊन एका शाखेस काळी माती आली, दुसरीस पांढरी वाळू. भाऊबंदकीचा एवढा जुना आणि एवढा शांततेने निकालात निघालेला दावा माझ्या दप्तरात दुसरा नाही. वडील शाखा सुपीक हिस्सा घेऊन कर्जात राहिली आणि धाकटीने वाळू विकून डॉलर मिळविले, हे मात्र सर्व भाऊबंदकीसारखेच झाले.

निघण्याच्या दिवशी हिशेबाचा कागद आला. रक्कम चिरंजीवांनी आगाऊ भरली होती, तरी बिल न वाचता सोडणे माझ्या रक्तात नाही. त्यात दर माणशी दररोज १२ डॉलर हरितकर होता, आणि तळटीप अशी की दोन वर्षांखालील बालकांस या करातून माफी आहे. ज्या बेटावर बालकास पाऊल टाकण्याची मनाई, त्या बेटावर बालकास करमाफी! हे वाचून त्या परक्या सरकारविषयी माझ्या मनात एकदम आपुलकी उत्पन्न झाली. एकूण आकडा मी सोयाबीनच्या क्विंटलांत करून पाहिला आणि तत्काळ पुन्हा डॉलरांत नेऊन ठेवला. डॉलरांत तो कमी भयंकर दिसत होता.

खोलीत एक सूचना लावलेली होती, की शंख, शिंपले, प्रवाळ यांपैकी काहीही येथून नेऊ नये. सौभाग्यवतींनी ती माझ्याकडून वाचून घेतली होती. लपवून नेणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी कचेरीतल्या मेजावर आपण होऊन पदराची गाठ सोडली आणि कवडी पुढे ठेवली. मेजामागील गृहस्थ पेचात पडले. वस्तू मनाईची, जागा मनाईची, आणि ती बाहेरून आली याचा दाखला नाही. अशा प्रसंगी काय करावयाचे हे त्या बेटावर फक्त मला ठाऊक होते. मी कागद मागून घेतला आणि रीतसर पंचनामा लिहिला: कवडी नग एक, रंग पिवळट, पाठीस दोरा ओवण्याचे छिद्र, छिद्राची कड झिजून गुळगुळीत, दातेरी फटीत जुन्या कुंकवाचा अंश, सबब सदर कवडी या किनाऱ्यावर नुकती सापडलेली नसून दीर्घकाळ पूजेतील असल्याचे दिसते. पंच म्हणून नागपूरच्या जोडप्याने सह्या केल्या, त्याही मराठीत. गृहस्थांनी कवडी उजेडात धरली, कुंकू पाहिले, आणि हसून परत केली.

खिदमतगार शेजारी उभा होता. तो म्हणाला, की खरे तर ही इथलीच. पण शे-दोनशे वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी, गेली असेल. मी भाषांतर केले. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे माहेरी आली होती ना? मग माहेरवाशिणीले रिकाम्या ओटीनं धाडता काय?” हे वाक्य हिंदीत कसे सांगावे याचा मी विचार करीत होतो, तोवर तो पोरगा आत जाऊन एक नारळ घेऊन आला होता. ओटी म्हणजे काय हे त्यास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. बहुधा ज्या मुलखात देण्यासारखे पीक एकच, तेथे माणूस निरोप देताना तेच देतो. सौभाग्यवतींनी पदर पुढे केला.

किन्हीराजाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा सांज झाली होती. घरापर्यंतच्या वाटेत ‘कुठं गेल्ते जी?’ असे सतरा जणांनी विचारले, आणि सतरा जणांस मी उभे राहून सविस्तर उत्तर दिले. इतके बोलावयाचे माझ्यात साचले आहे याची मला कल्पना नव्हती. एकांत कसा होता, असे टपरीवर विचारले गेले. मी खरे तेच सांगितले: जागा चांगली आहे, चतुःसीमा निर्वेध आहे, परंतु कब्जा मिळत नाही, कारण आपण आपल्या सोबत येतो आणि आपल्या मागोमाग आपली माणसे येतात. त्या वयोवृद्ध गृहस्थांनी मान डोलविली आणि वर्गात शेवटी काय शिकविले म्हणून विचारले.

नातू दिवाळीस आला तेव्हा नारळाची बर्फी संपली होती. आजीने कवडी पुन्हा माळेत ओवली आणि त्यास मोजावयास बसविले. एकेह, देह, तिनेह, इथपर्यंत तो मी शिकविल्याप्रमाणे म्हणाला, पुढे मराठीवर आला. कवड्या एकवीस भरल्या.